टिप्परच्या केबिनमधून काय दिसत नाही, ते आधी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खडीच्या खाणीत किंवा क्रशरच्या रस्त्यावर टिप्परखाली कोणी सापडले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोनच कारणे असतात, चालकाचे दुर्लक्ष किंवा भरधाव वेग. कधी ती खरीही असतात. पण खाणीच्या आवारात माणूस गाडीखाली येतो तो बहुतेक वेळा टिप्पर पायी चालण्याच्या वेगाने मागे सरकत असताना, नाहीतर उभा टिप्पर नुकताच हलत असताना. तिथे वेगाचा प्रश्नच येत नाही. आणि जे सीटवरून मुळात दिसतच नाही, त्याकडे ड्रायव्हरने लक्ष द्यायचे तरी कसे? म्हणून सीमाभागातले खाणमालक, वाहतूक कंत्राटदार आणि परवाने देणारी खाती यांच्याकडे आमची एकच मागणी आहे. प्रत्येक गाडीच्या केबिनमधून काय दिसत नाही ते मोजा, जमिनीवर आखा, आणि खाणीतली बाकीची व्यवस्था त्या आखणीवर बसवा.

आपल्या भागात या गाड्या कमी नाहीत. बेळगाव-खानापूरकडे काळा दगड आणि जांभा, गोकाककडे वालुकाश्म, बोकनूर-नावगेच्या पठारावर आणि पलीकडे चंदगड-राधानगरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवर, बॉक्साइट. माल कोणताही असो, तो वाहतो दहा चाकी नाहीतर बारा चाकी टिप्पर. २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे दहा चाकीचे मालासह एकूण वजन २८.५ टन आणि बारा चाकीचे ३६ टन. वेंगुर्ला रोडवर शिनोळी, बाची, उचगाव फाटा, सुळगा, हिंडलगा अशी गावे एकामागून एक लागतात, आणि हे वजन शाळेच्या पोरांच्या, दूधवाल्यांच्या आणि बाजाराला निघालेल्या दुचाकींच्या अंगाला अंग लावून जाते.

आता हिशोब. दहा चाकी टिप्परमध्ये मध्यम उंचीचा माणूस बसला की त्याचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर येतात. क्लीनर बाजूच्या, म्हणजे डाव्या दाराच्या काचेची खालची कड जमिनीपासून १.९ मीटरवर आहे आणि डोळ्यांपासून त्या कडेपर्यंतचे आडवे अंतरही १.९ मीटर आहे असे धरा. नजर त्या कडेला घासून खाली उतरते ती दारापासून सुमारे सहा मीटरवर जमिनीला टेकते. म्हणजे डाव्या दारापासून सहा मीटरपर्यंतची जमीन ड्रायव्हरला काचेतून दिसत नाही. एक मीटर उंचीचे पोर असेल तर ते दारापासून जवळजवळ तीन मीटर दूर गेल्याशिवाय दिसायला लागत नाही. दुचाकीवर बसलेल्या माणसाचे डोके दीड मीटरवर धरले, तर दारापासून सव्वा मीटरच्या आत तो अख्खाच्या अख्खा गायब. ओव्हरटेक करताना किंवा सिग्नलला डावीकडून पुढे घुसताना दुचाकी नेमकी या सव्वा मीटरमध्ये असते. गाडीगाडीप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण टेप घेऊन कोणीही हे पडताळून पाहावे.

समोरही तेच, जरा कमी प्रमाणात. नाकाड नसलेल्या सपाट केबिनमध्ये समोरच्या काचेची खालची कड १.८ मीटर उंचीवर आणि डोळ्यांपासून ०.९ मीटर पुढे असेल, तर बंपरसमोरची सव्वादोन मीटरपेक्षा जास्त जमीन झाकलेली राहते. बंपरला टेकून बसलेला, चाकाला ओट, म्हणजे अडसर, लावायला वाकलेला, सावलीला टेकलेला मजूर त्यात मावतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. समोरच्या काचेच्या कडेचा खांब आणि त्याला लागून असलेला मोठा आरसा मिळून ३० सेंटिमीटर रुंदीची आडकाठी होते. ती डोळ्यांपासून ९० सेंटिमीटरवर असेल, तर दोन्ही डोळे उघडे ठेवूनही दहा मीटरवरचा अडीच मीटरहून रुंद पट्टा झाकला जातो. मोटारसायकल दोन मीटर लांब असते. टिप्पर वळत असताना ती त्याच वेगाने खांबाआडून सरकत राहिली, तर शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. यावर उपाय साधा आहे. वळण्यापूर्वी सीटवरून पुढे झुकून, मग मागे टेकून, दोनदा बघायचे. आरसा खांबापासून हाताच्या रुंदीइतका बाहेर किंवा खाली बसवला तर मधल्या फटीतून रस्ता दिसतो.

हे आकडे कागदावर कोणाला पटत नाहीत, जमिनीवर लगेच पटतात. त्यासाठी पाच किलो फक्की (मैदान आखायची पांढरी पूड), एक मीटरची काठी, एक टेप आणि तासभर वेळ पुरतो. गाडी सपाट जागेवर उभी करायची, हँडब्रेक लावायचा, इंजिन बंद, किल्ली बाहेर काढून चाचणी घेणाऱ्याच्या खिशात, चाकांना ओट. नेहमीच्या ड्रायव्हरने नेहमीच्याच पद्धतीने बसायचे, बेल्ट लावून. उंच माणूस बसवला की चाचणी खोटी पडते. दुसऱ्याने काठी उभी धरून गाडीला चिकटून सुरुवात करायची आणि सरळ बाहेर चालत जायचे. काठीचे टोक दिसले की ड्रायव्हरने हात वर करायचा. तिथे फक्कीचा ठिपका. मग एक मीटर बाजूला सरकून पुन्हा गाडीपासून सुरुवात, असे चारी बाजूंनी. ठिपके जोडले की गाडीभोवती एक वेडावाकडा आकार उमटतो. डावीकडे फुगलेला, मागे लांब पसरलेला, उजवीकडे अंग चोरलेला. आधी नुसत्या काचेतून आखावा, मग आरसे आणि कॅमेरा धरून दुसऱ्या रंगाने. दोन रेघांमधले अंतर म्हणजे आरशांनी वाचवलेली जागा, आणि आतल्या रेघेच्या आत उरते ती कोणत्याही साधनाने न दिसणारी. जगभरात अवजड यंत्रांसाठी आयएसओ ५००६ हे मानक याच कल्पनेवर उभे आहे. त्यात ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी दिवे ठेवून सावल्या मोजतात. फक्कीची रेघ तितकी नेमकी नसेल, पण क्रशरवर काम करणाऱ्याला ती पुरेशी आहे.

आखणी झाली की खाणीतल्या प्रत्येकाला, ड्रिलवाल्यापासून चहा आणून देणाऱ्या पोरापर्यंत, एकदा त्या रेघेच्या आत उभे करावे आणि एकदा केबिनमध्ये बसवावे. तासभराच्या भाषणाने जे होत नाही ते केबिनमधल्या दोन मिनिटांनी होते. रेघेचे चित्र कागदावर काढून गाडीच्या दारावर चिकटवावे. गाडी बदलली, आरसा बदलला, सीट बदलली की पुन्हा मोजावे.

बळ्ळारी-संडूरच्या मोठ्या लोहखाणींत काम धरणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. रस्त्यावरच्या टिप्परमध्ये ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून आंधळी बाजू डावी. खाणीतल्या ५०-१०० टनी डंपरची केबिन साधारणपणे डाव्या अंगाला असते आणि तिच्या उजवीकडे इंजिनावरचा रुंद मंच पसरलेला असतो. तिथे आंधळी बाजू उजवी, आणि ती टिप्परच्या कितीतरी पट मोठी. १०० टनी डंपर सहा मीटरच्या आसपास रुंद असतो. त्याच्या उजव्या चाकापाशी उभी केलेली जीप ड्रायव्हरच्या लेखी नसतेच. टिप्परवर हात बसलेला माणूस तिथे गेला की सवयीने चुकीच्या बाजूला जपतो. अशा खाणींत जीपला उंच लवचिक काठीवर बावटा आणि रात्री दिवा लावतात तो हौसेखातर नव्हे. डंपरच्या सीटवरून जीप दिसली नाही तरी बावट्याचे टोक दिसावे म्हणून. मोठ्या टिप्परांच्या खाणीत मुकादमाच्या बोलेरोलाही असा बावटा लावायला काहीच हरकत नाही. मोटारसायकल मात्र बेंचवर, म्हणजे खाणीतल्या कामाच्या टप्प्यावर, जाऊच नये. ती फाटकापाशी ठेवून आत चालत जाण्याचा वेगळा रस्ता हवा.

आता आरसे. नेहमीचा लांब आरसा सपाट असतो, मागचे खरे अंतर दाखवतो, पण पट्टा अरुंद. फुगीर आरसा पट्टा रुंद दाखवतो, पण वस्तू लहान आणि लांब भासवतो. फुगीर आरशात दुचाकी दूर आहे असे वाटून डावीकडे वळलेले टिप्पर कमी नाहीत. म्हणून दोन्ही हवेत, सपाट वर आणि फुगीर त्याच्या खाली. शिवाय डाव्या दाराच्या वर, जमिनीकडे तोंड करून एक फुगीर आरसा, आणि बंपरसमोरची जागा दाखवणारा एक, काचेच्या डाव्या वरच्या कोपऱ्याबाहेर. नव्या गाड्यांना हे मिळतात, पण पहिल्या फांदीला लागून तुटले की परत बसवले जात नाहीत. खाणीच्या रस्त्यावर थरथराटाने आरशाच्या दांडीचा नट सैल होतो आणि दुपारपर्यंत आरसा आभाळ दाखवायला लागतो. तिथे साधा नट न वापरता नायलॉनची कडी असलेला नट वापरावा आणि आरसा लावल्यावर दांडीवर रंगाची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की आरसा फिरला, हे ड्रायव्हरला चढतानाच कळते.

समोरच्या काचेबद्दल लिहिताना कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा नाही. पण काचेच्या वरच्या भागात मालकाच्या नावाची वीतभर रुंदीची पट्टी, मधोमध लोंबणारे गोंडे, दोन्ही बाजूंना झालरी आणि खाली डॅशबोर्डवर हार, इतके सगळे एकत्र आले की मोठ्या काचेची लहानशी खिडकी होते. देवाची तसबीर डॅशबोर्डच्या खाली, नजरेच्या रेषेबाहेर ठेवता येते. डाव्या दाराच्या खालच्या भागात काही गाड्यांना लहान काच असते. ती नेमकी दुचाकीस्वार दिसावा म्हणून असते, आणि नेमकी तीच पुठ्ठा, गादी किंवा जेवणाच्या डब्याने झाकलेली आढळते.

मागचा कॅमेरा आता फार महाग राहिलेला नाही, पण बसवण्यात चुका होतात. टिप्परची वीज २४ व्होल्टची असते. कारसाठीचा १२ व्होल्टचा स्वस्त कॅमेरा थेट जोडला की तो जळतो, आणि मग 'कॅमेरे टिकत नाहीत' असे ठरते. कॅमेरा हौद्यावर नव्हे, चेसिसच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर बसवावा. हौदा उचलला तरी तो हलत नाही, आणि फाळका उघडल्यावर पडणाऱ्या खडीपासून वाचेल अशा बेताने थोडा आत घ्यावा. पाण्याच्या फवाऱ्यातही टिकणारा, आयपी ६९के दर्जाचा असावा. केबल चेसिसच्या आतल्या अंगाने न्यावी आणि केबिन पुढे झुकते तिथे सैल वळसा ठेवावा, नाहीतर पहिल्यांदा केबिन उचलली की तार तुटते. पडदा सात इंची पुरे. तो काचेच्या मधोमध न लावता डाव्या खांबाच्या बुडाशी लावावा, म्हणजे ड्रायव्हर पडदा बघताना नजर डाव्या आरशावरूनच जाते. पावसाळ्यात लाल चिखलाने भिंग दोन खेपांत बुजते. टेलगेटपाशी पाण्याची बाटली आणि फडके ठेवले नाही तर कॅमेरा असून नसल्यासारखा. लहान कारला असतात तसे आवाजी सेन्सर क्रशरवर चालत नाहीत. त्यांचा पल्ला दोन-तीन मीटरचा, वर चिखल बसला की ते उगाच बोंबलत राहतात, आणि ड्रायव्हर वैतागून तार उपटतो. पैसे घालायचेच असतील तर धुरळ्यातून पाहणाऱ्या रडारवर घालावेत, पण आधी आरसे आणि कॅमेरा.

तार उपटण्याचा प्रकार रिव्हर्स हॉर्नच्या बाबतीत सर्रास होतो. एकसुरी टीं-टीं आवाज दूरवर जातो, रात्री गावाची झोप मोडतो, तक्रारी येतात आणि हॉर्न बंद होतो. शिवाय चार गाड्या एकदम टीं-टीं करत असल्या की कोणती गाडी आपल्याकडे येते आहे ते कानाला कळत नाही. फवाऱ्यासारखा फस्-फस् आवाज करणारे हॉर्न आता मिळतात. त्या आवाजात सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या असतात, त्यामुळे तो कुठून येतो हे कान लगेच ओळखतो, आणि थोड्या अंतरावर तो विरून जातो. गावालगतच्या क्रशरला हाच योग्य.

पण यातले काहीही मागे माणूस नसण्याइतके खात्रीचे नाही. खाणीची आखणी अशी करावी की टिप्परला मागे यावे लागणारच नाही, किंवा लागले तर एकाच ठरलेल्या जागी. क्रशरच्या हॉपरला, म्हणजे दगड ओतायच्या तोंडाला, गोल फिरून जाण्याचा रस्ता केला तर गाडी पुढून येते, रिकामी होते आणि पुढेच निघून जाते. जागा कमी असेल तर मागे येण्याची पट्टी दोन्ही बाजूंनी दगड लावून बंद करावी. तिथे पाण्याची टाकी, सावलीचे झाड, वजनकाट्याची खोली किंवा मोबाइल चार्जिंगची जागा असू नये. माणसे सावलीकडे आणि पाण्याकडे जाणारच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. टाकी हलवायला एक दिवस लागतो.

उघड्या खाणीत यंत्रे लावायची परवानगी देताना डीजीएमएस, म्हणजे धनबादचे खाण सुरक्षा महासंचालनालय, रस्त्यांबाबत अटी घालते. शक्य तिथे एकेरी वाहतूक. दुहेरी असेल तर रस्त्याची रुंदी सर्वांत मोठ्या गाडीच्या तिप्पट, नाहीतर थांबायच्या ठरलेल्या जागा. अडीच मीटर रुंद टिप्परसाठी साडेसात मीटर. चढ १६ ला १ पेक्षा तीव्र नको. आजूबाजूपेक्षा उंच असलेल्या रस्त्याच्या कडेला वर एक मीटर, बुडाशी अडीच मीटर रुंदीचा आणि टायरच्या व्यासाइतका उंच बांध. टिप्परचा टायर एक मीटरहून थोडा मोठा असतो, म्हणजे बांध कंबरेच्या वर आला पाहिजे. आपल्याकडे कडेला टाकलेले सुटे दगड दिसतात. धुक्यात किंवा धुरळ्यात ड्रायव्हरला कड दिसत नाही तेव्हा तो बांधच त्याला थांबवतो, सुटा दगड टायरखाली सहज निघून जातो. ढिगाऱ्याच्या कडेला माल ओततानाही तसेच. कडेपासून आत माल ओतून लोडरने पुढे ढकलावा, कारण कडेची माती पावसात आतून सुटलेली असते आणि ती आरशात दिसत नाही.

इशारा देणारा माणूस ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात पूर्ण दिसेल असा, कडेला उभा राहिला पाहिजे. गाडीच्या मागे कधीच नाही. तो दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबली पाहिजे, मग मुकादम कितीही ओरडो. जॅकेटच्या रंगाचेही बघावे. आपल्या जांभ्याच्या लाल मातीत नारिंगी जॅकेट मातीसारखेच दिसते, आणि आठवडाभर न धुतलेले तर पूर्णच मातीचे होते. पोपटी पिवळा रंग लाल पार्श्वभूमीवर उठून दिसतो. प्रत्येकाला दोन जॅकेटे द्यावीत, एक धुवायला.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. खाणीत मुकादम मराठी बोलतो, ड्रायव्हर कानडी, पोकलेनवाला आणि मजूर झारखंड-बिहारकडचे. एका भाषेतला फलक बाकीच्यांना रंगीत पत्रा वाटतो. फलक चित्राचा असावा, खाली कन्नड, मराठी आणि हिंदी तिन्हीत दोन शब्द. आणि हॉर्नला भाषा लागत नाही. इंजिन सुरू करताना एक, पुढे निघताना दोन, मागे येताना तीन, आणि हॉर्ननंतर मनात पाच आकडे मोजून मगच गाडी हलवायची. हॉर्न दिल्याबरोबर क्लच सोडला तर माणसाला वळून बघायलाही वेळ मिळत नाही. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरने पायी एक चक्कर मारावी. चक्कर मारून झाल्यावर चहा, फोन, बोलणे यात वेळ गेला तर ती चक्कर फुकट, पुन्हा मारावी.

जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडे धुके उतरते तेव्हा वर लिहिलेले सगळे आणखी अवघड होते. ताशी ४० किलोमीटरने जाणारा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत, दीड सेकंद धरला तर, गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या खडीच्या रस्त्यावर भरलेली गाडी पुढे आणखी २० मीटर घेते. ओल्या मुरमावर पकड निम्मी झाली तर ४० मीटर. म्हणजे एकूण सुमारे ५७ मीटर. धुक्यात ३० मीटर दिसत असेल तर ४० चा वेग आंधळेपणाचा आहे. वेग १५-२० च्या आत हवा. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला तर धुके पांढरी भिंत होऊन समोर उभे राहते, डिपर, म्हणजे खालचा झोत, आणि खाली बसवलेले पिवळे दिवे बरे. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवण्याची सवय सोडावी. मागच्याला गाडी उभी आहे की चालू ते कळत नाही, आणि वळण्याचा इशाराही हरवतो.

उन्हाळ्यात धुक्याची जागा धुरळा घेतो. टँकरने सकाळी एकदा भरपूर पाणी ओतून दिवसभर विसरणे हे सर्वांत वाईट. सकाळी चिखल, दुपारी परत धुरळा. थोडे थोडे पण वारंवार शिंपडावे. उतारावर सलग न शिंपडता मध्ये कोरडे पट्टे सोडावेत, म्हणजे ब्रेक लावताना टायरला पकड मिळते. पुढच्या गाडीचा धुरळा बसेपर्यंत मागच्याने थांबावे. पाठीला चिकटून जाण्यात खेपेमागे अर्धा मिनिटही वाचत नाही.

गावच्या रस्त्यावर दुचाकीवाल्यांनीही थोडे ऐकावे. टिप्परच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. बारा चाकी गाडी डावीकडे वळताना आधी उजवीकडे सरकते आणि डावीकडे मोकळी जागा उघडते. तिथे घुसायचा मोह होतो. पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत येतात आणि ती जागा बंद करतात. उसाच्या हंगामात याच रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा नसताना चालतात. त्यांच्या पाठीला लाल पट्टी लावणे कारखान्यांनी गेटवरच सक्तीचे करावे. टिप्परलाही पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल अशी ५० मिलिमीटर रुंद चमकणारी पट्टी नियमाने लागते. ती असते, पण चिखलाखाली. खाणीच्या फाटकावर पाण्याचा हौद आणि एक माणूस ठेवून दिवे, पट्टी आणि नंबरप्लेट धुऊनच गाडी डांबरी रस्त्यावर सोडावी. रस्त्यावरच्या टिप्पर-डंपरला ताशी ६० ची वेगमर्यादा यंत्रानेच बांधलेली असते. तिची तार तोडलेली नाही ना, हे तिथेच बघता येते.

कायद्याबाबत एक गैरसमज काढायला हवा. 'आमची साधी खडीची खाण, आम्हाला खाण कायदा लागत नाही,' असे अनेक मालक मनापासून समजतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९५२ च्या खाण कायद्यात मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड, खडी यांना काही सूट होती, पण तिला अटी होत्या. उघडी खाण कुठेही सहा मीटरपेक्षा खोल नसावी, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे कामाला नसावीत आणि स्फोटके वापरू नयेत. यातली एकही अट मोडली की सूट संपली. सुरुंग लावणारी प्रत्येक खाण म्हणजे खाण कायद्याखालची खाण, तिला जबाबदार व्यवस्थापक लागतो आणि अपघाताची खबर डीजीएमएसला द्यावी लागते. क्रशरसाठी कर्नाटकाचा २०११ चा वेगळा कायदा आहे आणि परवाना जिल्हा पातळीवर मिळतो. परवाना देताना धुरळा, अंतर, झाडे यांची तपासणी होते. त्यातच प्रत्येक गाडीचे फक्कीचे चित्र, आरसे-कॅमेरा-हॉर्न यांची नोंद आणि मागे येण्याच्या जागेचा नकाशा जोडायला लावले तर वेगळे खाते किंवा वेगळा पैसा लागणार नाही. आरटीओने फिटनेसच्या वेळी फक्त आरसा आहे की नाही एवढेच न बघता, ड्रायव्हरला बसवून डाव्या दारापासून दीड मीटरवर उभा माणूस आरशात दिसतो का ते बघावे. दोन मिनिटांचे काम आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि आमच्या मते सर्वांत जड. ड्रायव्हरला खेपेवर पैसे मिळतात. आरसा पुसायला उतरला, गाडीभोवती चक्कर मारली, धुरळा बसायची वाट बघितली, की प्रत्येक गोष्टीत त्याचीच खेप जाते. वर गाडी जास्त भरली की ब्रेकचे अंतरही वाढते आणि दंड आला तर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तो कोणी भरायचा यावरून वाद होतो. वाहतुकीच्या करारात प्रत्येक खेपेला पाच मिनिटे तपासणीची धरून दर ठरवावा, आणि ती पाच मिनिटे ड्रायव्हरच्या पगारात दिसावीत. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने येत्या बैठकीत खाणमालक, क्रशर संघटना आणि वाहतूकदारांना बोलावून एवढ्या एका कलमावर चर्चा घडवून आणावी. पहिली चाचणी वेंगुर्ला रोडवरच्या एखाद्या क्रशरवर पावसाळ्याआधी घ्यावी. त्यासाठी फक्की, काठी आणि माणसे आम्ही पुरवू.

आपले,
खाण आणि क्रशर वाहतुकीच्या कामातले काही वाचक,
बेळगाव व खानापूर तालुका